पंच क्रमांक दोन

‘बाबा, एक दस्तखत कर दो,’ असं तो शिपाई म्हणाला आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप मुठीत शिरला. सहीला अंगठा लागत नाही हे मला माहीत आहे. सत्तावीस वर्षं झाली, मी सही करतो. शालिग्राम हे नाव मध्ये न थांबता लिहू शकतो. पण अंगठ्याला ते अजून कोणी कळवलेलं नसावं. सकाळचे दहा वाजायचे होते. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी फिरायला आलेले लोक घरी परतत होते. माझी नात देवश्री गाडी लावायला जागा शोधत पुढे गेली होती आणि मी उसाच्या रसाच्या गाडीजवळ सावलीत उभा होतो. रस्त्यात त्या शिपायानं एका मोटरसायकलवाल्याला अडवलं होतं. चाळिशीचा माणूस, डोक्यावर हेल्मेट नाही, चेहऱ्यावर ऑफिसला उशीर झाल्याची घाई. दोघांची काही बोलाचाली झाली असेल. माझं लक्ष नव्हतं, मी पाण्यावरच्या पाखरांकडे बघत होतो. मग शिपाई कागद घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, ‘पढ़ लूँ क्या?’ त्यानं कागद दिला. मी ओठ हलवून वाचतो, एकेका शब्दाखाली बोट सरकवत. लिहिलं होतं की वाहनचालकानं शिवीगाळ केली, कर्मचाऱ्याला धक्का दिला, आणि हे सर्व आमच्यासमोर घडलं. आमच्यासमोर म्हणजे माझ्यासमोर. ‘मैंने तो नहीं देखा, भैया.’ तो हसला. ‘अरे बाबा, आपको कौन कोर्ट में खड़ा कर रहा है!’ पोराच्या हातातून काच काढून घ्यावी तसा त्यानं माझ्या हातातून कागद हळूच काढून घेतला आणि रसवाल्याकडे वळला. रसवाल्यानं एका हातानं चरक धरून दुसऱ्या हातानं सही केली. वाचलं नाही. त्याची गाडी रोज तिथेच उभी राहते.

शिपाई चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो मऊ बोलला. तेवढ्यात देवश्री आली. ‘आजोबा, चलिए, ग्यारह बजे का टाइम दिया है.’ तिला मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत येतं. समता कॉलोनीत वाढलेली पोट्टी. घरी तिचे आईबाप मराठी बोलतात आणि ती त्यांना हिंदीत उत्तरं देते, असं तीस वर्षं चाललं आहे. ती वकील आहे. विधानसभेपुढे एक विधेयक आलं आहे. पोलिसानं रस्त्यात उगाच कोणाला थांबवू नये, थांबवलं तर कारण लिहून त्याच्या हातात द्यावं, बारीकसारीक गोष्टीसाठी माणसाला चौकीवर नेऊन बसवू नये, घरी चिठ्ठी पाठवावी, असं त्यात आहे. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला एक समिती बसली होती, आणि तळ्याजवळच्या सभागृहात आज माझी पाळी होती. देवश्रीनं महिनाभर आधी मला तो मसुदा मोठ्या अक्षरात छापून आणून दिला. मी रोज दोन पानं वाचली. फॉर्म तिनंच भरला. नाव, पत्ता, वय चौऱ्याहत्तर, आणि ‘किस हैसियत से’ या रकान्यात तिनं तिच्या गोल अक्षरात लिहिलं: पीड़ित. मी ते वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. महिनाभर काही बोललो नाही. आता सभागृहाच्या पायऱ्या चढताना तो शब्द शर्टाच्या खिशात, छातीशी होता, आणि दर पायरीला कागद करकरत होता.

ती पीडित म्हणते त्यात खोटं काही नाही. माझा बाप भंडाऱ्याकडून रेल्वेच्या मालधक्क्यावर आला, गुढियारीत राहिला, आणि मी मोठा झाल्यावर एक हातठेला घेतला. धक्क्यावर वॅगन लागली की पोती उतरवायची, ठेल्यावर टाकायची, गल्लीतल्या गोदामात पोचवायची. वाटेत वळणावर एक पोलीस चौकी होती. आता ती नाही, रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. त्या वळणावर मला रोज थांबवायचे. कहाँ से ला रहा है, किसका माल है, रुक, बैठ. मी बसायचो. चौकीच्या भिंतीला पाठ लावून उकिडवं बसायचं, ठेला उन्हात, गोदामाचा मुनीम तिकडे शिव्या घालतोय, आणि आत हवालदार काही करत नाहीये, नखं कापतोय. तो थंड चुन्याच्या भिंतीचा स्पर्श अजून माझ्या पाठीत आहे. उन्हाळ्यात बरा वाटायचा, हेही खरं. कधी दोन कानाखाली बसत, कधी काहीच नाही. का थांबवलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. हे सगळं मी नातवंडांना गोष्टीसारखं सांगत आलो. हवालदाराची नक्कल करायचो, पोट धरून हसायची पोरं. देवश्री त्यातच वाढली, वकील झाली. पण ते थांबवणं पुढे थांबलं कसं, हे त्या गोष्टीत नसायचं. कोणी विचारलंही नाही. पोरांना वाटलं असेल, हवालदाराची बदली झाली.

ते असं थांबलं. एका दुपारी मला भिंतीपासून उठवून आत नेलं. टेबलावर लिहिलेला कागद होता, शाईचा डबा उघडा होता. ‘अंगूठा लगा.’ मी लावला. ‘तू पंच नंबर दो.’ पंच नंबर एक समोरचा पानवाला होता, त्याचा अंगठा आधीच उमटलेला होता. त्या दिवशी मला चहा मिळाला. दुसऱ्या दिवशी मी ठेला घेऊन वळणावर आलो तर हवालदारानं हात वर केला आणि तसाच खाली घेतला. जाऊ दे म्हणाला. मला ते समजायला दोन-तीन दिवस लागले. मग समजलं की आठवड्यातून एकदा आत जायचं, अंगठा द्यायचा, की मग रस्ता आपला. माझा ठेला चौकीच्या सावलीत उभा राहू लागला. नवे ठेलेवाले मला दादा म्हणू लागले. कागदात काय असतं हे मी विचारत नसे; कोणी दारू बाळगली, कोणाकडे सट्ट्याची पट्टी सापडली, कोण संशयानं फिरताना दिसला, आणि प्रत्येक ठिकाणी मी हजर होतो, असं आता समजतं. एकाच दुपारी मी स्टेशनच्या दोन टोकांना उभा राहून पाहिलेलं असेल. शाई अंगठ्याच्या रेषांतून जात नसे. केसांतल्या तेलात घासायची, मग भिंतीला. घरी आल्यावर पद्मिनी, माझी बायको, म्हणायची, ‘हात काहून काळा तुमचा?’ मी म्हणायचो, ‘पोत्याचा शिक्का लागला.’ ती चौथी शिकली होती. तिला शाई आणि पोत्याचा रंग ओळखता येत असेल, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. ठेला वेळेवर पोचतो एवढं तिला दिसत होतं.

गौतम आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहायचा, आमच्यापासून चार घरं सोडून. सायकलीला दगडी चाक बसवलेलं, सायकल स्टँडवर लावून पायडल मारलं की दगड फिरे. धारवाला. दुसरे धारवाले दारोदार थांबून तिथल्या तिथे धार लावून देतात. गौतमची रीत वेगळी होती. तो सकाळी पाऱ्यात फेरी मारून सगळ्या घरांचे चाकू, विळ्या, कात्र्या गोळा करायचा, एका गोणपाटात बांधायचा, बोअरिंगजवळच्या झाडाखाली बसून दुपारपर्यंत सगळ्यांना धार लावायचा आणि संध्याकाळी ज्याचं त्याला नेऊन द्यायचा. चिठ्ठी नाही, खूण नाही. मुठीवरून त्याला घर आठवायचं. बायका मुद्दाम त्याची परीक्षा घ्यायच्या, बदलून मागायच्या. ‘हा माहा नाही, गौतम.’ तो म्हणायचा, ‘काकू, तुमच्या मुठीले डाव्या बाजूनं चीर हाय. तुमी डावखोऱ्या हा.’ कधी चुकला नाही. मार्चमध्ये एका सकाळी पद्मिनीनं त्याला आमचा सुरा दिला. फणस कापायचा, लांब पात्याचा. त्याची मूठ सैल झाली होती म्हणून मी तिला तांब्याची तार गुंडाळली होती, धक्क्यावर सापडलेली. मी ते गुंडाळताना दाराशी बसलो होतो आणि गौतम रस्त्यानं जाताना थांबून म्हणाला होता, ‘शालिकभाऊ, तार उलटी गुंडाळून राहिले तुमी. सुटन.’ आणि मी ती त्याच्या समोर सुलटी गुंडाळली होती.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास मला चौकीत हाक मारली. गौतम भिंतीशी उकिडवा बसला होता, माझ्या जागेवर. त्याची सायकल दारात आडवी पडली होती. टेबलावर गोणपाट सोडलेलं, त्यावर दहा-बारा चाकू. हवालदार एकेक उचलून टेबलाच्या कडेवर ठेवून लांबी बघत होता, बाजारात काकडी निवडावी तसा. महिना संपत आला होता, एक केस कमी होती. हे मला त्या दिवशी समजलं नाही, पण समजण्यासारखंच होतं. ‘ये वाला ठीक है. बाकी फेंक दे बाहर.’ त्यानं जो बाजूला ठेवला त्याच्या मुठीला तांब्याची तार होती. ‘किसका है बे?’ त्यानं गौतमला विचारलं. ‘गिराहीक का है साहब.’ ‘कौन गिराहीक? नाम बता.’ गौतम सुऱ्याकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे, नजर माझ्यावरून गेली, ठेल्यावरून किंवा दगडावरून जावी तशी, ओळख न दाखवता, आणि परत जमिनीवर आली. ‘याद नहीं साहब.’ कानाखाली बसली. ‘याद नहीं.’ मी दाराशी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तो सुरा माझा आहे. एवढंच. तोंडात तंबाखूची कडू चव होती हे मला स्पष्ट आठवतं. बोललो असतो तर हवालदारानं विचारलं असतं, तुझा? मग तू बस खाली. आणि पद्मिनीला बोलावलं असतं, आणि ठेला सावलीतून गेला असता. हा सगळा विचार मी त्या वेळी केला असं म्हणणंही खोटंच. मी काहीच विचार केला नाही. शाईचा डबा उघडा होता. हात पुढे गेला. सवयीनं जातो तसा गेला.

हत्यार बाळगल्याच्या केसमध्ये गौतमला जामीन द्यायला कोणी नव्हतं. दोन महिने आत राहिला, मग न्यायाधीशासमोर गुन्हा कबूल केला, कारण कबूल केलं की भोगलेल्या दिवसांतच शिक्षा संपते असं त्याला कोणीतरी सांगितलं. म्हणून मला साक्षीला उभं राहावं लागलं नाही. परत आला तेव्हा पाऱ्यात त्याला चाकू कोण देणार? चाकूवाला म्हणूनच त्याचं नाव पडलं होतं. तो धक्क्यावर हमालीला लागला, दुसऱ्या टोळीत. वर्षानुवर्षं आम्ही एकाच धक्क्यावर पाठीवर पोती वाहिली. समोरासमोर आलो की तो विचारायचा, ‘घरी बरं हाय न, शालिकभाऊ?’ मी म्हणायचो, ‘हव.’ मला वाटायचं तो टोमणा मारतो. मग वाटायचं त्याला माहीतच नाही की अंगठा कोणाचा. पण तो तर तिथेच बसला होता, दोन हातांवर. घरी पद्मिनीनं चार-पाच दिवसांनी सुऱ्याचं विचारलं. मी म्हटलं, ‘त्यानं हरवला म्हणे.’ ती म्हणाली, ‘म्या जाते शेवंताकडे, पुसते तिले.’ शेवंता म्हणजे गौतमची बायको. मी म्हटलं, ‘त्याच्यावर केस झाली. आपण तोंड नको घालू. तिथं जाजोच नको.’ ती गेली नाही. पण पुढे इतकी वर्षं, फणस निघाला की ती म्हणायची, ‘माहा सुरा गिळला त्या गौतमनं.’ आणि मी फणस चिरलेला खायचो.

सत्तेचाळीसाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. पाऱ्यातल्या शाळेत संध्याकाळी साक्षरतेचा वर्ग भरायचा, पद्मिनी मला ढकलून पाठवायची. लोकांना वाटतं, म्हाताऱ्या माणसाला अक्षर आलं की आनंद होतो. मला पहिले सहा महिने भीती वाटली. दुकानाची पाटी वाचली, बसची पाटी वाचली, आणि एक दिवस चौकीच्या दारावरची पाटी वाचली, आणि मनात आलं की ते सगळे कागद कुठेतरी असतील आणि आता ते मला वाचता येतील. तोवर ते बंद होते. मी सहीचा सराव घरी पाटीवर करायचो, बाहेर कुठे सही मागितली की हात मागे घ्यायचो. वर्गातल्या बाईंना वाटायचं मी लाजतो.

सभागृहात माझ्या आधी एक व्यापारी बोलला, एक कॉलेजची मुलगी बोलली. ती चांगलं बोलली. मग माझं नाव पुकारलं. लांब टेबलापलीकडे पाच जण होते, मधल्या अध्यक्षबाई साठीच्या. देवश्री माझ्या शेजारी बसली होती, तिनं माझ्या कोपराला हात लावून हळूच म्हटलं, ‘बस वही बोलना आजोबा, भिंतवाला, ठेलेवाला. जैसे घर में बोलते हो.’ मी खिशातून फॉर्म काढला. टेबलावर पेन होतं, दोरीनं बांधलेलं. मी तो शब्द खोडला. बाजूला जागा कमी होती, म्हणून वर लिहिलं: पंच. ‘आजोबा, ये क्या कर रहे हो?’ देवश्री म्हणाली. तिचा आवाज माइकमध्ये गेला, सगळ्या सभागृहानं ऐकला.

मी बसूनच बोललो. हिंदीत सुरू केलं, मध्येच मराठीत गेलो. अध्यक्षबाई म्हणाल्या चालेल, समजतं. मी म्हटलं, तुमच्या मसुद्यात लिहिलंय की थांबवलं तर कारण लिहून द्यावं. चांगलं आहे. पण कारण लिहिणारा तोच, आणि ते खरं आहे म्हणणारा माणूस तो रस्त्यावरूनच उचलणार. ज्याची गाडी तिथे रोज उभी राहते त्याला उचलणार. मी तसा माणूस होतो. मग गौतमचं सांगितलं. सुऱ्याचं सांगितलं, तार आणि मूठ सगळं. किती वेळ बोललो माहीत नाही. टेबलावरचे एक जण, निवृत्त अधिकारी असावेत, पुढे वाकून म्हणाले, ‘आपने जो बोला उसका मतलब समझते हैं न, बाबा? आप अपने ऊपर ले रहे हैं.’ मी म्हटलं, ‘समझता हूँ. पढ़ना आता है मेरे को.’ मागे कोणीतरी हसलं, मग गप्प झालं. अध्यक्षबाईंनी विचारलं, त्या माणसाचं नाव नोंदीत घ्यायची गरज नाही, फक्त ‘एक व्यक्ती’ लिहू का? मी म्हटलं, नाही. नाव लिहा. त्यांनी लिहायला सांगितलं. मग म्हणाल्या, साक्षीदार पोलिसाच्या मर्जीतला नसावा, त्याला कागद दुसऱ्या कोणी वाचून दाखवावा, असं तुमचं म्हणणं आम्ही घेतलं आहे. पुढे काय होतं ते बघू. मी हव म्हटलं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

घरी जाताना देवश्री गाडी चालवत होती. तिनं दोनदा चुकीचा गियर टाकला. मला वाटलं आता ती विचारेल, आणखी किती जण होते. मी मनात मोजत होतो. ओव्हरब्रिजवर आल्यावर तिनं विचारलं, ‘आजी को पता है?’ ‘नाही.’ ‘और उनके घर में? गौतमजी के?’ ‘तो आठ वर्षं झाले वारला. बायको हाय, शेवंता.’ ‘उनको?’ ‘तिलेबी नाही.’ ‘मतलब आपने पाँच अनजान लोगों को पहले बताया,’ ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली, वकील कागद वाचून दाखवते तसं म्हणाली. ते मला सभागृहात सुचलं नव्हतं. मला वाटलं होतं सर्वांत अवघड जागा तीच, टेबल, माइक, अधिकारी. आणि एक लाज वाटत होती ती नवीनच होती: तिथे बोलताना मला थोडं बरं वाटलं होतं. लोक ऐकत होते.

घरी पद्मिनी जेवायची थांबली होती. देवश्री आत आलीच नाही, गाडीतच बसून राहिली. मी उभ्याउभ्या सांगितलं. पद्मिनी वरण वाढत होती, तिनं पळी परत भांड्यात ठेवली. ‘हरवला म्हणाले होते तुमी.’ ‘हव.’ ‘म्या तं त्याच्या मयतीलेबी मनात म्हटलं, माहा सुरा राहिला याच्याकडं.’ मग तिनं विचारलं, ‘शेवंताले सांगितलं?’ ‘उद्या जातो.’ ‘उद्या काहून?’ तिनं भांड्यावर झाकण ठेवलं, पदर सारखा केला आणि चपला शोधायला वाकली. तिचे गुडघे दुखतात, वाकायला वेळ लागतो. मी तिला चपला काढून दिल्या नाहीत. मला वाटत होतं तिला त्या सापडू नयेत.

चार घरांचं अंतर. शेवंता ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. डोळे अधू झालेत तिचे, सूप नाकाशी धरते. ‘या वहिनी. अन् शालिकभाऊबी? आज काय इलेक्शन गिलेक्शन हाय का?’ ती हसली. पद्मिनी तिच्या शेजारी बसली. मी उभा राहिलो. येताना मी वाक्य जुळवलं होतं, ते निसटलं. मी म्हटलं, ‘शेवंताबाई, गौतमले पकडलं तेव्हा जो सुरा दाखवला, तो आमच्या घरचा होता. हिनं धार लावाले देल्ता. मले माहीत होतं. म्या गप राहिलो अन् कागदावर अंगठा देल्ला.’ एवढंच झालं. इतकी वर्षं छातीवर होतं ते एवढंच निघालं.

ती तांदूळ निवडत राहिली. एक खडा काढला, बाजूला ठेवला. मला वाटलं तिला ऐकूच आलं नाही. मग तिनं विचारलं, ‘केवढा होता?’ पद्मिनीनं दोन हातांत अंतर धरून दाखवलं. शेवंतानं त्या दोन हातांच्या मधल्या जागेकडे खूप वेळ बघितलं. ‘म्या जेलात गेली त्याले भेटाले,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, कोणाचा हाय थो सुरा? म्हणे गिऱ्हाईकाचा. म्हटलं, नाव सांग, मी जाते, त्याचे पाय धरते, तो सांगन तं सुटशीन. तं म्हणे, याद नाही. शालिकभाऊ, त्याले साऱ्या पाऱ्याच्या मुठी याद राहत. लग्नात माह्या हातातल्या बांगड्या किती होत्या, ते याद होतं त्याले. म्या समजली, खोटं बोलून राहिला. सुरा याचाच, कोणाच्या तरी पोटात घालाले ठेवला असन. आमच्या घरी त्याच्यावरून लय बोलणं झालं. चार-चार दिवस जेवाले नाही वाढलं म्या त्याले.’ तिनं सुपातून बोट फिरवलं. ‘शेवटी हालत खराब झाली तवाबी पुसलं. म्हटलं, आता तरी खरं सांग, आता कोण पोलीस येते? तं माह्याकडं पाहून म्हणे, याद नाही, शेवंता.’

चौकीतली ती नजर मला तेव्हा समजली. ठेल्यावरून, दगडावरून जावी तशी गेलेली. इतकी वर्षं मी तिचे सगळे अर्थ लावले होते, हा एक सोडून. तो मला लपवत होता. मला आणि चार घरांपलीकडे फणस घेऊन बसलेल्या पद्मिनीला. आणि मी बोललो नाही तेव्हाही, अंगठा दिला तेव्हाही, धक्क्यावर रोज घरचं कुशल विचारत होता तेव्हाही, तो लपवतच होता. माझ्याजवळ ‘माफ करा’ एवढाच तयार शब्द होता, आणि तो फार लहान होता.

शेवंता उठली. भिंत धरून आत गेली. आम्हाला बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. देवश्री गाडीतून उतरून गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती, पुढे येत नव्हती. आतून शेवंताचा आवाज येऊ लागला. हळू, मध्ये थांबत, कोणी उत्तर देतं आहे असं वाटावं इतकं थांबत. घरात गौतमच्या फोटोशिवाय दुसरं कोणी नव्हतं. पद्मिनीनं सूप आपल्या पुढ्यात ओढलं आणि उरलेले तांदूळ निवडायला घेतले. मी ओट्याच्या कडेला खाली बसलो, आणि आत तिचं बोलणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो.